सतरा नंबरचा नळ

"बावीस! संपलं! सुटलो!"

भोंगा एवढ्या जोरात ओरडला, की समोरचा इस्त्रीवाला दुकानातून बाहेर येऊन आधी रस्त्याकडे आणि मग आभाळाकडे बघायला लागला. भोंग्याचं खरं नाव त्याच्या आईला तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे. तो वर्गात 'हजर!' म्हणाला, की शेजारच्या वर्गातल्या बाईसुद्धा त्याची हजेरी मांडायच्या.

"अरे, हळू! माझा आकडा वाकडा झाला ना!" फूटपट्टी वैतागला. तो आगीच्या शेवटच्या नळावर पांढऱ्या रंगाने बावीस काढत होता. उंच, किडकिडीत, शिंप्याचा मुलगा. वडिलांची जुनी मोजपट्टी चोवीस तास त्याच्या गळ्यात. आकड्याची उंचीसुद्धा तो मोजून काढायचा.

आगीचा नळ तुम्ही पाहिला असेलच. रस्त्याच्या कडेला गुडघ्याएवढा लोखंडी खुंट उभा असतो ना, वर टोपी आणि बाजूला जाड झाकण, तोच. आग लागली की बंबवाले त्याला आपला लांबलचक पाइप जोडतात आणि जमिनीखालचं पाणी धो धो बाहेर काढतात. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. कुत्री तेवढी बघतात.

या सुट्टीत अग्निशमन केंद्राने हे बावीस नळ शाळेतल्या या चौघांच्या हवाली केले होते. खरवडायचे, लाल रंगवायचे, नंबर घालायचे आणि आत पाणी आहे का ते ऐकायचं. हो, ऐकायचं! केंद्रातल्या निवृत्त बंबवाल्या काकांनी त्यांना एक गुळगुळीत लाकडी काठी दिली होती. तिचं एक टोक नळाच्या मानेवर टेकवायचं, दुसरं कानाला. टोपीवरचा बोल्ट पान्याने अर्धा फेरा फिरवायचा. आत पाणी असलं की काठीतून 'सूंऽऽ' असा आवाज येतो. मग बोल्ट परत बंद, यादीत बरोबरची खूण आणि पुढे 'ऐकणाऱ्याची सही'. दिवस संपला की यादी केंद्रात दाखवायची आणि सकाळी परत घ्यायची. बावीस नळ पुरे झाले, की बक्षीस म्हणून बंबातून फेरी!

"आहे पाणी," कानसेन म्हणाली आणि तिने काठी कानावरून काढली. ही पोरगी दिवसातून वीसेक शब्द बोलायची, पण मांजर जिना चढत असलं तरी तिला ऐकू यायचं.

"मग करा खूण आणि चला!" भिंगरी नुसती नाचत होती. "चला रे! रंगाचे डबे उचला! उद्या बंबात बसायचंय! घंटेजवळची जागा माझी!"

पायाला भिंगरी लागलेली म्हणून तिचं नावच भिंगरी पडलं होतं. बारा वर्षांच्या आयुष्यात तिने एकही काम सावकाश केलं नव्हतं. गणित सोडवण्याआधी उत्तर लिहायची आणि जेवण संपण्याआधी हात धुवायची.

कानसेन यादीकडे बघत होती. "सतरा नंबर," ती म्हणाली. "परवा मी दात काढायला गेले होते. तो तू ऐकलास ना? कसा होता आवाज?"

"होता की!" भिंगरी म्हणाली. "सूंऽऽ! छान होता."

आणि ती घाईघाईने रंगाचे डबे गोळा करायला लागली.

कारण खरं सांगायचं, तर सतरा नंबरला सूं नव्हता, की चूं नव्हता. परवा दुपारी तिथे मागे डांबराचा रोलर घरघरत होता, ऊन मी म्हणत होतं, फूटपट्टी आणि भोंगा सोळा नंबर रंगवत होते. भिंगरीने काठी लावली. काही नाही. 'रोलरच्या आवाजात कसं ऐकू येणार?' ती स्वतःशीच म्हणाली. 'आधीच्या सोळा नळांना पाणी आहे, मग यालाच काय धाड भरलीय?' आणि तिने ठोकली खूण, केली सही. जेवायला पळाली.

परतीचा रस्ता गाद्यांच्या कारखान्यावरूनच जात होता. कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. दारात कापसाचे गठ्ठे, आतही कापसाचे गठ्ठे आणि हवेतही कापूस. बाजूला लागून, एकाच भिंतीला भिंत, पाळणाघर होतं. भिंगरीचा तीन वर्षांचा भाऊ तिथेच असायचा. गोल गरगरीत, म्हणून सगळे त्याला भोपळा म्हणत.

आज कारखान्यापुढे एक टेम्पो उभा होता. दोन माणसं त्यातून वेल्डिंगचं मशीन उतरवत होती. दारावर एक कागद डकवला होता. भोंग्याला दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड होतीच.

"'छपराच्या लोखंडी कामासाठी वेल्डिंगची परवानगी. आज दुपारी चार ते सहा. अट: जवळचा आगीचा नळ चालू असणे आवश्यक. नळ क्रमांक सतरा, चालू. यादीप्रमाणे.' खाली शिक्का! अरे वा! आपल्या यादीवरून सरकारी कागद निघतात! आहात कुठे!"

फूटपट्टीने छाती फुगवली. कानसेनसुद्धा हसली. भिंगरीने मात्र वळून पाहिलं. समोरच, रस्त्यापलीकडे, नवाकोरा लाल सतरा नंबर उन्हात चकाकत होता.

"मला... मला तो परत ऐकायचाय," ती म्हणाली.

"आता? तुला? परत?" भोंगा चाट पडला. "अगं, तू तर शुद्धलेखनाची वहीसुद्धा परत वाचत नाहीस!"

पण भिंगरी रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. पाना बसवला. अर्धा फेरा. कानसेनने काठी लावून डोळे मिटले. रस्ता शांत होता. रोलर दूर, वळणापाशी उभा होता. एक फेरा. दोन फेरे.

कानसेनने डोळे उघडले. "ठणठणीत कोरडा," ती म्हणाली. मग हळूच, "भिंगरी, परवाही कोरडाच होता. हो ना?"

भिंगरीने मान खाली घातली. "हो."

मग फूटपट्टीचा आवाज चढला. "म्हणजे तू खोटी खूण केलीस? आमचं नाव आहे त्या यादीवर! चौघांचं! मी प्रत्येक आकडा मोजून काढला आणि तू... तू नुसती ठोकून दिलीस?"

"मला वाटलं, रोलरमुळे..."

"वाटलं! हिला वाटलं!"

"भांडण नंतर!" भोंग्याने दोघांच्या मध्ये तोंड घातलं, आणि त्याने तोंड घातलं की दुसरं कुणी बोलूच शकत नाही. "तीन वाजून पाच झालेत. चारला आत ठिणग्या उडणार. शेजारी अकरा पोरं झोपलीत. बोला, आधी कुठे जायचं?"

आधी ते कारखानदाराकडे गेले. तो घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता.

"काका, वेल्डिंग थांबवा! समोरच्या नळाला पाणी नाही!" भिंगरी धापा टाकत म्हणाली.

"नाही कसं? हा काय कागद!" त्याने दारावर टिचकी मारली. "शिक्का आहे, सही आहे. तपासून दिलंय."

"ते... ते मीच तपासलं होतं. चुकीचं तपासलं."

"अस्सं? परवा पाणी होतं, आज नाही! आता हा खेळ दुसरीकडे जाऊन खेळा. मला पाचला बाहेर जायचंय. पळा!"

चौघं पळाली ती थेट अग्निशमन केंद्रात. आणि बघतात तर काय, मोठा दरवाजा सताड उघडा आणि बंबाची जागा रिकामी! शहराबाहेर गवताला आग लागली होती. साहेबांसकट सगळे तिकडे गेले होते. फोनजवळ एकटे बंबवाले काका, दुखरा गुडघा स्टुलावर ठेवून बसले होते.

"या, रंगारी मंडळी!" ते म्हणाले. मग चौघांचे चेहरे बघून त्यांनी पाय खाली घेतला. "काय झालं?"

भिंगरी पुढे झाली. वाटेत तिने मनात मोठं भाषण तयार केलं होतं. त्यात रोलर होता, ऊन होतं. काकांच्या समोर त्यातलं एक अक्षर आठवेना.

"काका, सतरा नंबरचा नळ कोरडा आहे. परवा मी खोटी खूण केली."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"ऐकलंच नाहीस, की ऐकू आलं नाही?"

"ऐकलं. ऐकू काहीच आलं नाही. आणि मी आलं म्हणून सही केली."

"हं," काका म्हणाले. "रडू नकोस. रडायला पुढे खूप वेळ आहे." आणि त्यांनी फोन उचलला. साहेबांचा फोन लागेना. कारखानदार उचलेना. तिसरा फोन पाणीखात्याच्या चावीवाल्याला. रस्त्याखालच्या मोठ्या नळांची चावी फिरवून पाणी सोडणारा आणि बंद करणारा तो चावीवाला.

"सतरा नंबरला पाणी का नाही रे?" काकांनी विचारलं. पलीकडून बराच वेळ नुसतं 'अं... त्याचं काय झालं...' असं ततपप ऐकू येत होतं. कानसेनला सगळंच ऐकू येत होतं. तिचे डोळे मोठे झाले.

"सायकल काढ आणि सतरा नंबरला ये! चावी घेऊन! लगेच!" काकांनी फोन आपटला. "पोरांनो, रस्त्याच्या कामासाठी याने त्या भागाचा नळ बंद केला. ती चावी जिथून फिरवतात, त्या खड्ड्याचं झाकण रस्त्याच्या मध्यात. रस्त्याच्या मुकादमाने घाईघाईत झाकणावरच डांबर ओतलं. हा म्हणाला, 'झाकण उघडं करून द्या.' तो म्हणाला, 'नंतर देतो.' आणि दोघेही मूग गिळून गप्प! झाकण नक्की कुठे आहे, हे आता याला माहीत नाही आणि त्यालाही नाही."

"मग आपण शोधू!" भिंगरी दाराकडे वळली.

"थांब! कशी शोधणार? सगळा रस्ता उकरणार?"

भिंगरी थांबली. तिला खरंच माहीत नव्हतं. बोलली कानसेन. "काका, नळावर हातोडी मारली, तर लोखंडातून आवाज जमिनीखाली जाईल ना? झाकणाच्या जागी चावीचा दांडा वरपर्यंत येतो. तिथे आवाज जास्त येईल."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही काठीच बोलली होती. "शाबास! घ्या ही हातोडी. पण एक लक्षात ठेवा. ठोकणाऱ्याने एकसारखं ठोकायचं. घाई केली, जोर कमीजास्त केला, की ऐकणाऱ्याला काही कळत नाही. मी साहेबांना पुन्हा फोन लावतो आणि पाइप घेऊन येतो मागून. आणि कारखान्याच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. तंबी आहे!"

तीन वाजून बावीस मिनिटांनी चौघं पुन्हा सतरा नंबरपाशी होती. चावीवाला सायकल टाकून घाम पुसत उभा होता. त्याच्या खांद्यावर माणसाएवढी उंच लोखंडी चावी होती.

"झाडापासून नऊ पावलं," तो म्हणाला. "माझ्या आधीच्या माणसाने सांगितलं होतं."

"कुठलं झाड?"

"रुंदीकरणात तोडलं."

"वा! आणि पावलं कुणाची?"

"त्याची. तो चांगला उंच होता."

"झालं कल्याण!" भोंगा कपाळावर हात मारून म्हणाला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. "थांऽऽबा! काम चालू आहे!" दोन स्कूटर, एक रिक्षा आणि एक म्हातारे गृहस्थ जागच्या जागी थांबले. गृहस्थ तर फुटपाथवरून चालले होते.

फूटपट्टीने खडूने रस्त्यावर चौकोन आखायला घेतले. एक हात बाय एक हात, ओळीने. तो भिंगरीशी अजून बोलत नव्हता. फक्त हातोडी तिच्या हातात देताना म्हणाला, "एकसारखं. जमेल ना?"

"जमवते," भिंगरी म्हणाली.

ठण्. ठण्. ठण्.

कानसेन गरम डांबरावर गुडघे टेकून बसली. काठी पहिल्या चौकोनात. कान. मान हलली: नाही. दुसरा चौकोन. नाही. तिसरा.

ठण्. ठण्. ठण्. एक म्हणायचं, मारायचं. दोन म्हणायचं, मारायचं. भिंगरीच्या हाताला इतकं सावकाश काही करायची सवयच नव्हती. खांदा भरून आला. घाम डोळ्यांत उतरला.

आणि तेवढ्यात कारखान्याच्या खिडकीत निळा लख्ख उजेड चमकला. चर्र... चर्रर्र...

"सुरू केलं!" ती किंचाळली. "अजून चार वाजले नाहीत! पावणेचारच झालेत! भोपळा आत आहे!" हातोडी टाकून ती पळणार, तोच कानसेनने तिचा हात धरला.

"तू गेलीस तर ठोकणार कोण?"

"तो माझा भाऊ आहे!"

"म्हणूनच," कानसेन म्हणाली. तिच्या गुडघ्याला डांबर चिकटलं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. "भिंगरी, मला आवाज यायला लागलाय. अगदी बारीक. ठोक. पाया पडते तुझ्या, ठोक."

"पाळणाघरात मी जातो!" भोंगा ओरडला. त्याने थांबलेल्या रिक्षावाल्याला आपल्या जागी उभं केलं. "काका, कुणाला पुढे सोडू नका!" आणि तो सुसाट सुटला.

भिंगरीने हातोडी उचलली. ठण्. रस्त्यापलीकडे पाळणाघराच्या दारात ताई भोंग्यावर चिडलेल्या दिसत होत्या. "आत्ता कुठे झोपलीत! तीनदा थोपटलंय मी!" ठण्. भोंग्याने त्यांना खिडकीतला निळा उजेड दाखवला, मग तोंडाशी हात धरून एकच आरोळी ठोकली: "उठाऽऽऽ!" ठण्. आतून अकरा पोरांचं एकदम भोकाड ऐकू आलं. झोपलेलं कुणी उरलंच नाही.

ठण्. ठण्. पोरं बाहेर यायला लागली. फिरायला नेताना ताई त्यांना गाठी मारलेला दोर धरायला लावायच्या, एका गाठीला एक मूल. तसाच दोर धरून, डोळे चोळत, रडत, ती रांग निघाली. भिंगरी ठोकता ठोकता मोजत होती. सात... आठ... नऊ... दहा. दोर संपला. भोपळा कुठाय?

पाय पळायला निघाले होते. पण हात? हात एकसारखा. ठण्. ठण्. ठण्.

मग दारातून भोंगा आला आणि त्याच्या खांद्यावर, एका हातात चड्डी आणि दुसऱ्या हातात भोंग्याचे केस धरून, अकरावा! भिंगरीला एकदम हुंदका आला. पण हातोडी थांबली नाही.

"ए! ए! काय चाललंय हे?" वळणावरून रस्त्याचा मुकादम तरातरा आला. "नव्याकोऱ्या रस्त्यावर खडू? उद्या उद्घाटन आहे याचं! कुणी सांगितलं तुम्हाला?" तो कमरेवर हात ठेवून, पाय फाकून मधोमध उभा राहिला.

कानसेनची काठी त्याच्या बुटापाशी थांबली. तिने कान लावला. चेहरा उजळला.

"काका, जरा सरकता?" ती म्हणाली. "झाकण तुमच्या पायाखाली आहे."

"काखेत कळसा!" फूटपट्टी पुटपुटला आणि त्याने चौकोनात मोठी फुली मारली.

"उकरायचं नाही!" मुकादम लाल झाला. "एक खडासुद्धा निघता कामा नये! उद्घाटन झाल्यावर बघू!"

"उद्या आग लागली, तर?" चावीवाला चाचरत म्हणाला.

"आग लागली, तर बघू!"

"तहान लागल्यावर विहीर!" फूटपट्टी म्हणाला. पण मुकादम हलेना. उलट त्याने बूट आणखी घट्ट रोवले.

वाद घालून उपयोग नव्हता. परवाची भिंगरी असती तर भांडत बसली असती. आजची पुढे आली. तिने रंगाने माखलेली यादी उघडली, पेन्सिलीने लिहिलेली आपली सही खोडली आणि यादी मुकादमापुढे धरली.

"बरं, नका उकरू. मग इथे सही करा."

"कसली सही?"

"नळ क्रमांक सतरा, पाणी आहे. माझी सही खोटी होती, मी खोडली. आता तुम्ही करा. आज काही झालं, तर या कागदावर शेवटची सही तुमची." तिने पेन्सिल पुढे केली. "मी परवा केली होती, काका. खूप सोपी असते. एक सेकंद लागतो."

मुकादमाने पेन्सिल घेतली. यादीकडे पाहिलं. मग रस्त्याच्या कडेला दोर धरून बसलेल्या अकरा पोरांकडे पाहिलं. मागे निळा उजेड चर्र चर्र करत होता. पेन्सिल कागदावर टेकली, पण पुढे सरकेना.

"पहार आणा रे!" तो एकदम ओरडला. "दोघं जण या! इथे, फुलीवर!"

नवं डांबर उन्हाने मऊ होतंच. पाच-सहा घावांत खाली लोखंड वाजलं. झाकण! चावीवाल्याने लांब चावी आत सोडली. फिरेना. मुकादमाने दांड्याला हात लावला. रिक्षावाला धावला. थांबलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनीही बाह्या सावरल्या. कर्र... एक फेरा. कर्र... दोन.

"धूऽऽऽर!"

भोंग्याने आजवर मारलेल्या आरोळ्यांत ही सगळ्यात मोठी होती. छपराच्या फटीतून पिवळट धूर येत होता. कामगार खोकत बाहेर पळत होते. सगळ्यात मागून कारखानदार. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ठिणगी गठ्ठ्यात पडली... बादलीने विझेना... पाणी! कुणीतरी पाणी आणा!"

"कानसेन, काठी!" भिंगरी सतरा नंबरकडे झेपावली. कानसेनने काठी टेकवली. तिसरा फेरा. चौथा. सगळा रस्ता श्वास रोखून त्या एका मुलीच्या कानाकडे बघत होता.

"आलं," कानसेन म्हणाली. "आलं! सूं येतोय!"

नेमकं त्याच वेळी एक भाजीची हातगाडी खडखडत येऊन थांबली. गाडीवर टोमॅटोंच्या शेजारी पाइपाची गुंडाळी, आणि गुंडाळीवर ऐटीत बसलेले बंबवाले काका!

"आधी विजेचा मेन स्विच बंद करा!" ते उतरण्याआधीच गरजले. "झाला? मुलं मागे! आणखी मागे! चावीवाल्या, पाइप जोड! मुकादम, धरा घट्ट, झटका बसतो!"

सतरा नंबर आधी खोकला. मग त्याने लाल गढूळ चूळ टाकली. आणि मग पाइप फुगला, ताठ झाला आणि पाण्याची जाडजूड धार दारातून थेट आत घुसली. मुकादम, चावीवाला आणि कारखानदार, तिघंही एकाच पाइपाला लटकून चिंब भिजले. काका मागून एखाद्या मास्तरासारखे सूचना देत होते. "खाली मारा! ज्वाळेवर नाही, बुडाशी!"

दहाव्या मिनिटाला घंटा वाजवत बंब आला. तोवर उरला होता नुसता धूर, ओल्या कापसाचा चिखल आणि जळक्या गठ्ठ्यांचा एक ढीग. भिंतीपलीकडच्या पाळणाघरात अकरा छोट्या गाद्या तशाच होत्या. भिंत मात्र हात लावला तर चटका बसेल इतकी तापली होती. ताईंनी तिला हात लावला, काढला, आणि भोंग्याला जवळ घेतलं.

साहेबांनी उभ्या उभ्या सगळी हकिकत ऐकली. कारखानदार, मुकादम आणि चावीवाला बुटांकडे बघत होते. "तुमच्याशी मी उद्या कार्यालयात बोलेन," साहेब म्हणाले. "आणि मीही कागदावर विसंबून शिक्का मारला. तेही उद्याच बोलू." मग ते मुलांकडे वळले. "तुम्ही चौघं नसता, तर आज काय झालं असतं, ते मला बोलवत नाही. तुमचे आईवडील कुठे आहेत? मला त्यांच्यासमोर तुमचं कौतुक करायचंय."

"साहेब," भिंगरी म्हणाली, "माझं नको. माझ्या खुणेमुळेच परवानगी मिळाली होती."

"माहीत आहे. काकांनी फोनवर सांगितलं." साहेबांनी तिच्या हातातली यादी घेतली, खोडलेल्या सहीवर बोट ठेवलं. "बावीस वर्षं नोकरी केली मी. चुकीच्या सह्या पुष्कळ पाहिल्या. स्वतःची सही स्वतःहून खोडणारं माणूस आज पहिल्यांदा पाहिलं. चूक ती चूकच, पोरी. पण तू ती लपवली असतीस, तर हे पाणी आलं नसतं."

फूटपट्टीने घसा साफ केला. "आणि ती एकसारखं ठोकत होती," तो म्हणाला. "शेवटपर्यंत. मी मोजलंय." भिंगरीकडे न बघताच त्याने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. त्यावर पांढरा रंग होता, तरी तिने त्यानेच डोळे पुसले.

"मग? उद्या दहाला बंबात बसायला येताय ना?" काकांनी विचारलं. "घंटेजवळची जागा कुणाची?"

"उद्या नको," भिंगरी म्हणाली.

"काऽऽय?" भोंग्याच्या ओरडण्याने भोपळा पुन्हा रडायला लागला.

"आधी बावीसच्या बावीस नळ परत ऐकायचे. पहिल्यापासून. मगच बंब."

"अगं, पण बाकीचे कानसेनने ऐकलेत!"

"तरी," कानसेन म्हणाली. त्या दिवसाचे तिचे वीस शब्द केव्हाच संपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं एक नंबरपाशी उभी होती. बरोबर काका होते आणि कुणी बोलावलं नव्हतं तरी चावीवालाही होता. पाना फिरला. या वेळी काठी भिंगरीच्या कानाला होती. पाच सेकंद झाले. दहा झाले. पंधरा.

"झालं का?" भोंगा चुळबुळत म्हणाला. "अगं, एक नंबरला पाणी आहे, सगळ्या जगाला माहीत आहे! कर खूण आणि चल!"

भिंगरीने डोळे मिटूनच हात वर केला.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "ऐकतेय."